उजवीकडून उघडणारी वही

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत नातवाने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत माझ्या नाटकांच्या वह्या होत्या. त्याने एक उचलली, उघडली, आणि शेवटचं पान समोर आलं म्हणून उलटी केली, मग पुन्हा सुलटी केली.

"आजोबा, ही तर उर्दू आहे. तुम्ही तर मराठी नाटकांत काम करायचे म्हणता."

"मराठीच आहे. वाच ना," मी म्हणालो. तो हसला. त्यालाही कळलं असावं की मी त्याची थट्टा करतोय. नागरी लिपीत असती तरी त्याची गाडी दुसऱ्या ओळीवर अडलीच असती. हैदराबादेत, अंबरपेठेत जन्मलेलं आमचं हे पोर मराठी बोलतं ते निम्मं तेलुगूत, आणि वाचतं फक्त इंग्रजी. मग मीच वही घेतली आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत अर्धं पान म्हणून दाखवलं. ते ऐकून त्याचा विश्वास बसला.

त्या वह्या वाचू शकणारा आता मी एकटाच उरलोय. उर्दू येणाऱ्याला त्यातलं मराठी कळत नाही आणि मराठी येणाऱ्याला अक्षर लागत नाही. ही गोष्ट मी चाळीस वर्षं मोठ्या ऐटीत सांगत आलो. लग्नकार्यात, पंगतीत, कोणी जुना माणूस भेटला की. पण सांगताना तिचा एक तुकडा मी नेहमी गाळत आलो. तो आता लिहितोय, आणि बालबोधीत, म्हणजे नागरी अक्षरांत लिहितोय, म्हणून वेळ लागतोय. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या घरात निजामाच्या काळापासून तीन पिढ्या सरकारी नोकरी. आजोबांची दफ्तरं फारसीत होती, वडिलांची उर्दूत. मी शाळेत गणित शिकलो उर्दूत, इतिहास शिकलो उर्दूत, आणि घरी येऊन आईजवळ जेवायला मागितलं मराठीत. बालबोध अक्षरं ओळखीची होती. देवघरातल्या पोथीवर होती, दुकानांच्या एखाद्या पाटीवर होती. पण ओळख आणि वाचणं यात फार अंतर असतं. मला एक ओळ लावायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात उर्दूचं अख्खं पान वाचून होई. मला कधी त्याची लाज वाटली नाही, कारण आमच्यात निम्मे लोक तसेच होते. आमच्या नाटक मंडळात नऊजण, त्यातले चौघं आपापली भाषणं उर्दू अक्षरांत उतरवून घेत. नाटकं लिहून बसवणारे आमचे मास्तर मराठी शाळेत शिकवायचे. ते कपाळाला हात लावत, पण पहिली घंटा झाली की आमच्या उच्चारात त्यांना खोट सापडत नसे.

माझी भाषणं मला बायको वाचून दाखवायची. तिचे वडील परभणीला मराठी शाळेत शिक्षक होते; मुलीला त्यांनी घरी बसवून असं वाचायला शिकवलं होतं की ती पाण्यासारखं वाचायची. संध्याकाळचा चहा झाला की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसे. एका मांडीवर मास्तरांचं हस्तलिखित, पुढ्यात तांदळाचं सूप. ती वाचे, मी लिही. तिला मी बजावून ठेवलं होतं, "सपाट वाच. नाटक मी करणार आहे." आणि ती खरंच सपाट वाचे, फक्त माझी लेखणी मागे पडली की थांबे. मी मान वर केली की पुढचं वाक्य. भाषण पाठ व्हायचं ते तिच्या त्या थांबण्यांसकट. पुढे रंगमंचावर लोक माझ्या त्या थांबण्यावर खूश व्हायचे. एका वकीलसाहेबांनी तर सगळ्यांसमोर सांगितलं की वाक्याच्या मध्ये थांबावं कुठं हे या माणसाकडून शिकावं. मी नम्रपणे मान झुकवली. ती बायकांच्या बाजूला बसून ऐकत होती.

ती सगळ्यांचीच भाषणं वाचून दाखवायची, कारण मागचं-पुढचं कळल्याशिवाय माझं भाषण मला समजत नसे. त्यामुळे मला पूर्ण नाटक पाठ असे, नायिकेसकट. याचा पुढे एकदा उपयोग झाला.

मग रेडिओ आला. म्हणजे रेडिओ होताच, आम्ही त्यात शिरलो. आठवड्यातून थोडा वेळ मराठीचा असे आणि महिन्यातून एक नाटिका. तेव्हा सगळं थेट प्रसारित व्हायचं; चुकलं तर चुकलं. रंगमंचावर मी बुटका, रंगानं सावळा, राजाचा अंगरखा घातला तरी कारकूनच दिसे. मायक्रोफोनपुढे मात्र मी सहा फुटांचा झालो. आबिड्सच्या पोस्टात एकदा तिकिटं मागितली तर खिडकीआडचे गृहस्थ लिहायचे थांबले आणि म्हणाले, "जनाब, रेडिओवर मराठीत बोलतात ते आपणच ना? समझमें कुछ नहीं आता, लेकिन सुनता हूँ." मी आठवडाभर ते वाक्य बायकोला ऐकवत होतो. शेवटी ती म्हणाली, "त्यांना समजत नाही म्हणूनच ऐकतात."

त्याच सुमारास राज्याचे तुकडे होणार हे पक्कं झालं. कोणता जिल्हा कुणीकडे, हे आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत रोज ठरायचं आणि रोज बदलायचं. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, आणि आम्ही जिथे बसलो होतो ते हैदराबाद आंध्राकडे. नोकरदारांना एक कागद मिळाला. कुठे जायचं ते त्यावर लिहून द्यायचं. वरवर साधी गोष्ट होती, पण घरोघरी त्या कागदानं झोप उडवली. शेजारच्या टेबलावरचा मित्र औरंगाबादला निघाला. आमच्या मंडळातला खलनायक, ज्याच्यासारखा मऊ माणूस मी पाहिला नाही, तोही तिकडे. मास्तरांनी नांदेडच्या शाळेत अर्ज केला. नऊपैकी सहाजण जाणार हे मोजायला मला बोटंसुद्धा लागली नाहीत.

मला जायचं होतं, हे आधी सांगून टाकतो. बायकोला तर जायचंच होतं. तिचं माहेर तिकडे, आईवडील थकलेले. तिने एकदाही "चला" म्हटलं नाही, पण ट्रंका उन्हात घातल्या आणि आमच्या पाच वर्षांच्या मुलीला परभणीच्या गोष्टी सांगायला लागली.

त्या दिवसांत आमची शेवटची रेडिओ नाटिका झाली. शेवटची हे आम्हाला माहीत होतं. ऐकायला म्हणून मुंबईहून एक अधिकारी आले होते. तिकडच्या केंद्रासाठी मराठी आवाज हवे होते, असं मास्तर कानात सांगून गेले.

स्टुडिओत वही चालत नसे, पानांचा आवाज होतो म्हणून. मी वहीची पानं सुटी करून नेई. एका मायक्रोफोनपुढे दोघंजण उभे राहायचे आणि वाचून झालेलं पान अलगद डाव्या हाताला सोडून द्यायचे, खाली जाजमावर. सगळे डावीकडे सोडत. मी मात्र जन्मभर उजवीकडून वाचत आलेला. माझं पान आपोआप उजवीकडे सरके. एरवी मी उजव्या टोकाला उभा राहून ते निभावून नेत असे. त्या दिवशी पाहुण्यांच्या नादात माझी जागा बदलली आणि नायिकेचं काम करणाऱ्या बाई माझ्या उजव्या अंगाला आल्या. तिसऱ्या प्रवेशात माझं पान सरकलं ते थेट त्यांच्या हातातल्या कागदांत जाऊन बसलं. त्यांनी आपलं पान खाली सोडलं आणि पुढचं समजून पाहिलं, तर समोर उर्दू.

बाई गप्प. थेट प्रसारण चालू, आणि बाई गप्प. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांचं भाषण मला पाठ होतं. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "बोलत नाहीस. पण तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. तू म्हणशील..." आणि त्यांचं सगळं भाषण मीच बोललो, आमच्या उंबऱ्यात ऐकलं होतं तसं, सपाट, थांबत थांबत. तोवर बाईंनी आपलं पान शोधलं आणि नाटिका तडीला गेली. काचेपलीकडे मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

प्रसारण संपल्यावर ते मुंबईचे अधिकारी आत आले. "ते भाषण असंच लिहिलंय का?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. ते खूश झाले. मग जाजमावरचं एक पान त्यांनी उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे काय आहे?"

"माझी भाषणं आहेत, साहेब."

"उर्दूत?"

"अक्षर उर्दू. भाषा आपलीच."

ते हसले नाहीत, हे त्यांचे माझ्यावर उपकारच. थोडा विचार करून म्हणाले, "हे पाहा, आवाज मला तुमचा हवा आहे. पण तिकडे संहिता तासभर आधी हातात पडते. कधी तेवढीही नाही. नागरीतून समोर येईल ते घडाघडा वाचता आलं पाहिजे. दोन महिन्यांनी वाचनाची परीक्षा आहे. तुम्ही तेवढं करून या, बाकीचं माझ्याकडे लागलं."

मी घरी आलो ते जवळजवळ पळत. कचेरीतली बदली आणि रेडिओ, दोन्ही एकाच दिशेला होतं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन महिने पुष्कळ झाले. मी शिकवते. उद्यापासून सुरू करू."

सुरू केलं. तीच संध्याकाळची वेळ, तोच उंबरा, पण या वेळी पुस्तक माझ्या हातात. घरात सोपं पुस्तक एकच होतं, मुलीचं. त्यामुळे ती पण शेजारी येऊन बसे. मी बोट ठेवून अक्षरं जुळवू लागलो. जोडाक्षर आलं की अडायचो. ज्या तोंडानं मी राजांची, न्यायाधीशांची, पश्चात्ताप झालेल्या बापांची पल्लेदार वाक्यं फेकली होती, त्या तोंडातून "कमळ बघ" निघायला तयार नव्हतं. मुलगी मला सांगायची, "बाबा, हे क्ष आहे." पहिल्या दिवशी मी हसलो, दुसऱ्या दिवशी कमी हसलो. आठवड्यात ती पानं उलटू लागली आणि मी तिच्या मागे राहिलो. एका संध्याकाळी आमचा तो औरंगाबादला निघालेला मित्र सांगावा न पाठवता आला आणि दारातच उभा राहिला. "अरे मियाँ," तो म्हणाला, "आता बिस्मिल्ला चालू आहे काय?" पोरांच्या अक्षरओळखीला आमच्याकडे बिस्मिल्ला म्हणत. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. चहा पिऊन तो गेला.

तो गेल्यावर मी पुस्तक मिटलं. बायको म्हणाली, "एवढं पान करू." मी म्हणालो, "नक्को." ती म्हणाली, "अहो, अजून दीड महिना आहे." मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवतं, पण लिहीत नाही. तिने सूप उचललं आणि आत गेली. मुलगी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली आणि मनातल्या मनात वाचू लागली, मला ऐकू जाऊ नये म्हणून. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्या कागदावर मी हैदराबाद लिहून दिलं.

हे झालं भित्रेपण. पण माझं खरं पाप पुढेच आहे. लोकांनी विचारलं, का रे बाबा, तुला तर रेडिओवाले न्यायला तयार होते. मी म्हणालो, "काय करणार, घरातून निघायला तयार नाहीत. बायकोला हैदराबाद सोडवत नाही." एकदा बोललो, ते खपलं, मग तेच बोलत राहिलो. मंडळाच्या निरोपाचा चहा आमच्याकडे झाला तेव्हा सगळे तिची चेष्टा करायला लागले. मास्तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही आमचा नट अडकवून ठेवलात." खलनायक म्हणाला, "हौ ना, परभणीची मुलगी आणि परभणीला येत नाही म्हणते." ती कपबशा मांडत होती. मला वाटलं आता ही माझ्याकडे बघेल. तिने बघितलं नाही. "मला नाही करमायचं तिकडे," एवढं म्हणाली आणि मास्तरांच्या कपात साखर घातली.

मंडळ संपलं. उरलेल्या तिघांत एकजण पेटीवाला होता. रेडिओवरचं मराठी आधी अर्ध्यावर आलं, मग बंद पडलं. पुढे हैदराबादेत सिनेमाचे स्टुडिओ उभे राहिले तेव्हा मला तेलुगू चित्रपटांत कामं मिळू लागली. न्यायाधीश, मुलीचा बाप, क्वचित मोठा डॉक्टर. ती वाक्यंही मी उर्दू अक्षरांत लिहून पाठ करायचो. पण माझं तेलुगू भाजीबाजारातलं, म्हणून पडद्यावर आवाज दुसऱ्याचाच घालत. ज्या आवाजासाठी मुंबईचा माणूस मला न्यायला तयार होता, तो काढून टाकला आणि माझा कारकुनी चेहरा ठेवला. रस्त्यावर लोक ओळखायचे, "जज्जीगारू", म्हणजे जज्जसाहेब, म्हणायचे. मला ते आवडायचं, उगाच कशाला खोटं बोलू. पण घरी मी त्या सिनेमांचा विषय काढत नसे.

तिचे वडील गेले तेव्हा आम्हाला पोचायला दोन दिवस लागले. आई गेली तेव्हाही उशीरच झाला. तेव्हाही ती काही बोलली नाही. मी मात्र ते न बोलणं ऐकत होतो.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकवू, गेलेली परत येणार नाही. तिचं सगळं आयुष्य वाचण्यात गेलेलं. मुंबईहून टपालानं येणारं साप्ताहिक, मराठी ग्रंथालयातली पुस्तकं. आता दर रविवारी मुलगी तारनाक्याहून येऊन तिला वाचून दाखवायची. गणपतीच्या आधीच्या एका रविवारी मुलीला येता आलं नाही. साप्ताहिक आलेलं होतं. त्याची घडी न मोडता बायको ते मांडीवर घेऊन बसली. दुपारी बसली होती ती दिवे लागेपर्यंत. मी दोनदा त्या खोलीतून गेलो. तिसऱ्या वेळी तिच्या मांडीवरून ते उचललं आणि समोर खुर्ची ओढली.

पहिला मथळा लावायला मला किती वेळ लागला ते तिलाच ठाऊक. ती हसली नाही, आणि मला पुढचं अक्षरही सांगितलं नाही, मी विचारेपर्यंत. सत्तरी उलटलेल्या माणसाला लाज कमी असते, किंवा ऐकणाऱ्याला दिसत नाही म्हणून ती कमी वाटते. रोज बसलो. आधी मथळे, मग बातम्या, मग एक कादंबरी घेतली.

आणि दिवाळीत ती पेटी निघाली. मी नातवाला वही वाचून दाखवत होतो तेव्हा ती पलंगावर बसून ऐकत होती. तो बाहेर गेला. मी वह्या पेटीत ठेवल्या, कादंबरी काढली आणि कालच्या खुणेपासून वाचू लागलो. दोन पानं झाली असतील.

"अहो," ती म्हणाली, "आपण हे कधी सुरू केलं?"

"गणपतीच्या आधी."

"आज वसुबारस." तिने बोटांची पेरं मोजली. "दोन महिने झाले. आणि तुम्ही आता अडत नाही."

मला एकदम समजलं नाही. मग समजलं, आणि पुस्तक हातात जड झालं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बोलता आलं असतं. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की ते मला जमणारंच नव्हतं, तिशीत तर नाहीच. त्या एका समजुतीवर मी सगळं झाकून ठेवलं होतं.

"तुला तिकडे जायचं होतं," मी म्हणालो. "आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो की तूच येत नाहीस."

"मी तिथेच होते ना. कपबशा मांडत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तिने पदर सारखा केला. "वाचा आता. कुठे होतो आपण?"

मी पान धरलं. अक्षरं ओळखीची होती, पण मी पहिल्याच ओळीवर बोट ठेवून राहिलो. ती थांबली. मी मान वर करेपर्यंत थांबली, पूर्वी माझी लेखणी मागे पडली की थांबायची तशी. मग मी पुढचं वाक्य वाचलं.